गेमिंगचा तयार संगणक : कोटेशनमध्ये न लिहिलेल्या ओळी

पत्राचा सारांश : परभणी येथील एक वाचक भगिनी पतसंस्थेत नोकरी करतात. त्यांचा धाकटा भाऊ घरी राहूनच बी.एस्सी. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकतो. बारावीत चांगले गुण मिळाले तर गेम खेळता येतील असा संगणक घेऊन देईन, असा शब्द त्यांनी त्याला दिला होता आणि भिशीचे ८० हजार रुपये त्यासाठी बाजूला ठेवले आहेत. गावातील एका दुकानदाराने ‘कोअर आय-७, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, ४ जीबी ग्राफिक कार्ड, रंगीत दिव्यांचे कॅबिनेट’ असा संच मॉनिटरसह ३८ हजारांत देऊ केला आहे. एका मोठ्या कंपनीचा गेमिंग संगणक मॉनिटरशिवाय ८४ हजारांना ऑनलाइन मिळतो. भावाने मात्र १ लाख ४० हजारांचे यंत्र हप्त्यांवर घ्यायचे ठरवले आहे, कारण त्याशिवाय ‘जीटीए ६’ चालणार नाही, असे त्याचे म्हणणे आहे. खेळण्यासाठी एवढा पैसा कशाला, त्यापेक्षा लॅपटॉप घ्या, असे वडिलांचे मत आहे. यांपैकी खरा किफायती पर्याय कोणता आणि एकदा घेतलेले यंत्र आठ-दहा वर्षे बिनघोर चालेल ना, असे या भगिनी विचारतात.

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रात रुपयांचे सगळे आकडे आहेत, दुकानांची माहिती आहे, वडिलांचे मतही आहे. फक्त तुमचा भाऊ सध्या कोणते गेम खेळतो, हे कुठेच आलेले नाही. ‘जीटीए ६’चे नाव आले आहे खरे, पण तो अजून त्याच्या हाती न आलेला खेळ आहे. तेव्हा आज संध्याकाळी त्याला समोर बसवून एका कागदावर लिहून घ्या : तो मित्रांकडे जाऊन काय खेळतो, मित्रमंडळी ऑनलाइन काय खेळतात आणि येत्या वर्षात त्याला काय खेळायचे आहे. ‘व्हॅलोरंट’सारखा गेम साध्या संगणकांवरही चालावा अशाच बेताने बनवलेला आहे, एएमडी कंपनीच्या रायझन ५ ८६००जीसारख्या प्रोसेसरवर (संगणकाच्या मुख्य चिपवर) तो वेगळ्या ग्राफिक कार्डावाचूनही, म्हणजे गेमची चित्रे काढणाऱ्या स्वतंत्र भागावाचूनही, नीट खेळता येतो. उलट ‘सायबरपंक २०७७’सारखा गेम चांगल्या कार्डालाही घाम फोडतो. या दोन टोकांच्या मध्ये तुमच्या भावाची यादी कुठे बसते, यावर तुमचे ३०-४० हजार रुपये खर्च होणार की वाचणार, हे ठरेल.

‘जीटीए ६’बद्दल त्याला एक गोष्ट प्रेमाने सांगा. हा गेम आतापर्यंत प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज या कन्सोलांसाठीच (टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रांसाठीच) जाहीर झालेला आहे. संगणकासाठीची तारीख कंपनीने जाहीर केलेली नाही, त्यामुळे त्याला कोणते कार्ड लागेल याची अधिकृत यादीही असू शकत नाही. जो गेम संगणकावर कधी येणार हे ठाऊक नाही, त्याच्यासाठी आज हप्ते सुरू करणे म्हणजे कार्ड जुने होत असताना व्याज भरत राहणे होय. हा गेम येईल तेव्हा त्याच पैशांत आजच्यापेक्षा चांगले कार्ड मिळण्याची शक्यता अधिक आहे. एवढे समजावल्यावर १ लाख ४० हजारांचा पर्याय बहुधा तो स्वतःच मागे घेईल.

आता ३८ हजारांच्या संचाकडे वळू, कारण तुमचे मन त्याच्याकडे झुकलेले पत्रातून दिसते. ‘आय-७ आहे म्हणजे आय-५पेक्षा चांगलाच असणार’ असे तुम्ही लिहिले आहे. एकाच पिढीतील दोन प्रोसेसरांची तुलना असेल तर ते बहुतेक वेळा खरे ठरते. परंतु इंटेल कंपनीच्या प्रोसेसरांचे आय-७ हे नाव २००८पासून चालत आले आहे आणि त्याच्या पुढचा आकडा सांगितल्याशिवाय त्याला काही अर्थ नाही. या किमतीत मॉनिटरसह आय-७ मिळतो, तेव्हा तो बहुधा आय-७-२६००, ३७७० किंवा ४७७० असतो. हे अनुक्रमे २०११, २०१२ आणि २०१३ साली बाजारात आलेले प्रोसेसर आहेत. मोठ्या कार्यालयांतून निघालेल्या संगणकांतले हे प्रोसेसर नव्याने बनवलेल्या स्वस्त मदरबोर्डांवर (सगळे भाग जोडणाऱ्या मूळ पाट्यांवर) बसवून चमकदार कॅबिनेटमध्ये विकले जातात. २०२२ साली आलेला साधा आय-३-१२१०० या तिन्हींपेक्षा गेममध्ये स्पष्टपणे पुढे जातो.

प्रश्न केवळ वेगाचा असता तर एक वेळ चालवून घेता आले असते. विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरांनाच अधिकृतपणे मान्य करते (वरचे तिन्ही त्याहून जुने आहेत) आणि विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. दुकानदार खटपट करून जुन्या यंत्रावर विंडोज ११ घालून देतात हे खरे. पण ‘व्हॅलोरंट’ची फसवणूकविरोधी यंत्रणा विंडोज ११वर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) या दोन गोष्टी चालू असल्याशिवाय गेम सुरूच होऊ देत नाही. म्हणजे मित्रांबरोबर रोज खेळायचा गेमच पहिल्या दिवशी अडेल आणि मग भावाचा रुसवा काढायला दुकानदार येणार नाही.

‘४ जीबी ग्राफिक कार्ड’ या शब्दांचेही तसेच आहे. ४ जीबी हे कार्डावरच्या मेमरीचे माप झाले, कार्डाची ताकद नव्हे. २०१४ सालचे जीटी ७३० हे कार्ड ४ जीबी मेमरीसह आजही विकले जाते आणि २०१९ सालच्या जीटीएक्स १६५० या कार्डावरही ४ जीबीच असतात. पण पहिल्यावर नवे गेम उघडण्याचा प्रयत्नही करू नये, तर दुसऱ्यावर हलके आणि मध्यम गेम अजूनही खेळता येतात. दुकानदाराने तुम्हाला खोटे सांगितले असे मी म्हणत नाही. टॅलीचे काम, ऑनलाइन अर्ज भरण्याचे केंद्र किंवा घरातले साधे टंकलेखन यांसाठी हा संच उत्तम चालेल. गेमिंगच्या नावाने तो घेऊ नका, एवढेच माझे म्हणणे आहे. (कॅबिनेटमधले रंगीत पंखे वेगळे विकत घेतले तर किती स्वस्त पडतात ते एकदा विचारून पाहा, दिव्यांची भूल बरीच उतरते.)

मग विचारायचे काय? आपल्याकडे सोयाबीनची पिशवी घेताना शहाणा शेतकरी नुसत्या ‘चांगले बियाणे’ या शब्दावर विसंबत नाही, वाण आणि लॉट क्रमांक पावतीवर लिहून घेतो. संगणकाचे कोटेशनही तसेच मागायचे असते. प्रत्येक भागाची कंपनी, पूर्ण मॉडेल क्रमांक आणि त्या भागाची वॉरंटी, असे सगळे कागदावर किंवा निदान व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागा. जो दुकानदार हे आनंदाने देतो त्याच्याशी पुढे बोलावे. ‘ताई, विश्वास ठेवा, माल एक नंबर आहे’ एवढ्यावर जो थांबतो, त्याच्याकडून माउस घेतला तरी पुरे.

कोटेशन हाती आले की प्रथम ग्राफिक कार्डाची ओळ वाचा. गेमसाठीच्या संगणकात टॉवरच्या (मॉनिटरशिवायच्या मुख्य खोक्याच्या) एकूण किमतीचा तिसरा हिस्सा ते निम्म्याच्या आसपास रक्कम कार्डावर गेलेली असावी; त्यापेक्षा बरीच कमी असेल तर पैसा दिखाव्यावर किंवा गरजेपेक्षा मोठ्या प्रोसेसरवर गेला आहे असे समजा. तुमच्या बेतात आरटीएक्स ३०५०, आरटीएक्स ५०५०, आरएक्स ७६०० अशी नावे दिसतील आणि भाव जमला तर आरटीएक्स ५०६०ही. यांत आरटीएक्स ३०५०ची गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ८ जीबीचे मूळ कार्ड २०२२ साली आले आणि ६ जीबीचे २०२४ साली; नाव एकच असले तरी दुसऱ्यात केवळ मेमरी कमी नाही, आतले गणना करणारे भाग आणि मेमरीपर्यंतचा रस्ता, दोन्ही आखडलेले आहेत. कोटेशनवर ‘आरटीएक्स ३०५०’ एवढेच लिहिले असेल तर कोणते, हे विचारलेच पाहिजे. आज नवे कार्ड घेताना ८ जीबीच्या खाली उतरू नये, असे माझे मत आहे.

प्रोसेसरच्या नावामागे ‘एफ’ हे अक्षर आहे का, तेही पाहा. आय-५-१२४०० आणि आय-५-१२४००एफ यांचा गेममधला वेग सारखाच असतो, पण ‘एफ’वाल्यामध्ये स्वतःची चित्रव्यवस्था नसते. सगळे सुरळीत असताना त्याने काही बिघडत नाही आणि थोडे पैसेही वाचतात, म्हणून पुण्यातला जाणकार तुम्हाला ‘एफ’च घ्या म्हणेल. आपल्याकडचा हिशेब जरा वेगळा आहे. कार्ड बिघडले की ते कुरिअरने मोठ्या शहरातील सर्व्हिस सेंटरकडे जाते आणि परत येईपर्यंत आठवडे मोडू शकतात. तेवढे दिवस ‘एफ’वाला संगणक पडद्यावर काहीच दाखवणार नाही, तर बिनाएफचा संगणक गेम सोडून कॉलेजची सगळी कामे करत राहील. परभणी, हिंगोली, धाराशिवसारख्या ठिकाणी राहणाऱ्यांनी हे थोडे जास्तीचे पैसे खुशाल मोजावेत. एएमडीकडे जायचे असेल तर रायझन ५ ७६०० या प्रोसेसरमध्ये ही सोय आहे, रायझन ५ ५६००मध्ये नाही. त्याच ओळीत ‘बॉक्स’ की ‘ट्रे’ हेही विचारा. खोक्यातील प्रोसेसरला साधारणपणे ३ वर्षांची वॉरंटी असते, सुट्या ट्रेमधल्याला पुष्कळदा दुकानदार देईल तेवढीच.

रॅम १६ जीबी असावी आणि शक्यतो ८-८ जीबीच्या दोन कांड्यांत, म्हणजे प्रोसेसरला दोन्ही वाटांनी एकदम काम करता येते. २०२५च्या अखेरीपासून मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा ओढा एआयच्या डेटा सेंटरांकडे वळल्यामुळे रॅमचे भाव चांगलेच चढले आहेत आणि म्हणून कोटेशनमध्ये हळूच ८ जीबीची एकच कांडी टाकण्याची प्रथा पुन्हा दिसू लागली आहे. एसएसडी (गेम आणि फाइली साठवणारा भाग) एनव्हीएमई या वेगवान प्रकारची, ५१२ जीबीची चालेल. मात्र मोठे गेम शंभर-शंभर जीबी जागा खातात, तेव्हा दुसरी एसएसडी बसवायला मदरबोर्डावर रिकामी जागा आहे ना, एवढे विचारून ठेवा.

सगळ्यात जास्त लपवाछपवी होते ती एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठ्याच्या डब्याच्या ओळीत, कारण तो कोणाला दिसत नाही. ‘४५० वॉट’ असा आकडा कोणीही छापू शकतो. ८० प्लस ब्रॉन्झ किंवा त्यावरचे, वीज कमी वाया घालवण्याचे प्रमाणपत्र असलेला, नावाजलेल्या कंपनीचा, ५५० वॉटच्या आसपासचा डबा घ्या आणि त्याचा मॉडेल क्रमांक बिलावर आणा. डब्यावरील चिकटपट्टीवर इनपुटची ओळ असते. तिथे ‘१००-२४० व्होल्ट’ असेल तर संध्याकाळी मोटारी सुरू झाल्यावर खाली येणाऱ्या व्होल्टेजशी तो बऱ्यापैकी झुंजतो आणि वेगळ्या स्टॅबिलायझरची गरज सहसा पडत नाही. हलका डबा जळताना एकटा जळत नाही, मदरबोर्ड आणि कार्डालाही सोबत नेतो.

८४ हजारांचा मोठ्या कंपनीचा संगणक वाईट आहे असे नाही. त्यासोबत अस्सल विंडोज येते, सगळ्या यंत्राची जबाबदारी एकाच दाराशी असते आणि तुमच्या पिनकोडला घरपोच सेवा खरोखर मिळत असेल, तर तंत्रज्ञ घरी येऊन दुरुस्ती करतो. ही शेवटची अट जाहिरातीवरून गृहीत धरू नका. कंपनीच्या मदत क्रमांकावर पिनकोड सांगून विचारा आणि उत्तर ईमेलने मागा. उणी बाजू अशी की, अशा अनेक संगणकांत मदरबोर्ड, एसएमपीएस आणि कॅबिनेट त्या कंपनीच्या खास मापाचे असतात. वॉरंटी पुष्कळदा एकाच वर्षाची असते आणि त्यानंतर डबा जळाला तर बाजारातला साधा डबा त्यात बसत नाही. शिवाय तुमच्या बाबतीत मॉनिटर, कीबोर्ड, माउस, यूपीएस हे सगळे ८४ हजारांवर चढणार आहे.

म्हणून माझा कौल तुमच्या यादीत नसलेल्या पाचव्या पर्यायाला आहे : प्रमाणित मापाच्या सुट्या भागांपासून दुकानाने जोडून, तपासून दिलेला तयार संगणक. छत्रपती संभाजीनगर आणि पुण्यात असे जोडून देणारी दुकाने आहेत, नांदेड-परभणीकडच्यांना सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरमधला संगणकबाजारही रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर आहे, आणि तुमच्या गावातलाच एखादा दुकानदार वरील यादीप्रमाणे भाग मागवून जोडून द्यायला तयार असेल तर त्याला मी पहिली पसंती देईन, मग त्याचा भाव दोन-तीन हजारांनी जास्त असला तरी चालेल. यात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी आणि बहुतेकदा ३ वर्षांची असते. ‘वॉरंटी सील’ लावलेले कॅबिनेट मात्र स्वीकारू नका, निदान धूळ काढण्यासाठी किंवा रॅम वाढवण्यासाठी ते उघडता येईल, असे लिहून घ्या.

८० हजारांतले ५८ ते ६० हजार टॉवरला द्या. १० हजारांच्या आसपास २४ इंची, फुल एचडी, १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या) किंवा अधिक वेगाच्या मॉनिटरला ठेवा. यापेक्षा मोठा वा ४के मॉनिटर घेतला तर हेच कार्ड अपुरे पडेल. उरलेल्यात कीबोर्ड, माउस, हेडफोन आणि यूपीएस बसवा. विंडोजचा परवाना जोडलेल्या संगणकात धरलेला नसतो, त्याची किंमत आधीच विचारा. कॅबिनेट निवडताना पुढची बाजू जाळीची असावी, काचेची नको. मे महिन्यात परभणीत पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा खोलीतली हवाच इतकी तापलेली असते की बंद तोंडाच्या कॅबिनेटमध्ये कार्ड स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते, आणि मग भाऊ म्हणणार की संगणक अडखळतो.

घरातल्या विजेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडे गेमिंगचे संगणक गेम खेळून कमी आणि विजेने जास्त मरतात. ज्या बोर्डावर संगणक लावणार तिथे खरी अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तिसरे भोक असते, पण त्यामागे तारच नसते, अशी घरे पुष्कळ आहेत. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर दोष संगणकाचा नसून बहुधा अर्थिंगचा असतो. यूपीएस ६०० व्हीएचा घेऊ नका. तो साधारण ३६० वॉटच पेलतो, तर आरटीएक्स ५०६० हे एकटे कार्ड १४५ वॉटपर्यंत आणि आय-५-१२४०० जोरात असताना ११७ वॉटपर्यंत घेऊ शकते. वर मॉनिटर आणि पंखे आहेतच. १००० व्हीएचा यूपीएस बरा, आणि दुकानातच गेम चालू असताना भिंतीवरचे बटण बंद करून दाखवायला सांगा, कारण काही स्वस्त यूपीएस चांगल्या एसएमपीएसबरोबर नेमके वीज जाण्याच्या क्षणी दगा देतात. घरात साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर त्यावरील ‘यूपीएस मोड’ने काम भागते का, तेही पाहता येईल. मृगाच्या सुमारास विजा कडाडू लागल्या की वीजजोडणी आणि इंटरनेटची वायर, दोन्ही काढून ठेवण्याची सवय भावाला लावा. महिन्या-दोन महिन्यांनी संगणक बंद करून, पंख्याची पाती बोटाने धरून, ब्लोअरने धूळ काढली की पुरे.

आठ-दहा वर्षांची अपेक्षा मात्र सोडून द्यावी लागेल. चांगला टॉवर तेवढा टिकतो, पण त्यातले कार्ड नव्या गेमसाठी चार-पाच वर्षांत मागे पडते. जोडलेल्या संगणकाचा फायदा तिथेच आहे : तेव्हा जुने कार्ड विकून नवे बसवायचे, बाकीचे तसेच ठेवायचे. प्रोसेसर बसवण्याच्या एएम५ या जोडणीच्या मदरबोर्डाला २०२७पर्यंत तरी आधार देऊ, असे एएमडीने सांगितलेले आहे, त्यामुळे त्या बाजूला गेलात तर पुढे प्रोसेसरही बदलता येईल.

वडिलांच्या लॅपटॉपबद्दल फार लिहीत नाही. लॅपटॉपमधले त्याच नावाचे कार्ड कमी विजेवर चालते, म्हणून त्याच पैशांत कमी वेग देते, आणि भाऊ घरीच राहून शिकतो. तो दोन वर्षांनी एम.एस्सी.साठी बाहेरगावी जाणार असे नक्की असेल, तरच वडिलांचे म्हणणे जड ठरेल. त्यांना पटवण्यासाठी ‘हे सगळे अभ्यासासाठीच आहे’ असे मात्र सांगू नका. प्रोग्रामिंगला हे यंत्र उपयोगी पडेलच. तरी ते खेळण्यासाठी घेतले आहे, मुलाने गुण मिळवून कमावले आहे आणि पैसे तुमच्या भिशीचे आहेत, हे सरळ सांगितले तर पुढचे रोजचे वाद टळतील. खेळायच्या वेळा काय असाव्यात, हे यंत्र घरात येण्याआधी तिघांनी ठरवा.

यंत्र कुरिअरने येणार असेल तर खोके उघडण्यापासूनचा व्हिडिओ न तोडता काढा. आत कार्डाला आधार म्हणून फोम भरलेला असू शकतो. तो काढल्याशिवाय बटण दाबू नका. मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्या नव्हे, ग्राफिक कार्डाच्या सॉकेटमध्ये लावा, कारण हीच चूक करून ‘नवे यंत्र मंद आहे’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. विंडोजमध्ये मॉनिटरचा वेग मुद्दाम १४४ हर्ट्झवर न्यावा लागतो, आणि रॅमचा पूर्ण वेग मिळण्यासाठी बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी किंवा एक्सपो ही रॅमच्या वेगाची सेटिंग चालू करावी लागते. हे दुकानदाराकडूनच करून घ्या. मग बिलावरचे क्रमांक आणि यंत्रातले भाग एकेक करून ताडून पाहा आणि परत करण्याची मुदत संपण्याआधी एक-दोन मोठे गेम तासभर चालवा.

बिल जीएसटीचे आणि तुमच्या नावाचे हवे. बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील, असे कोणी सुचवले तर त्याबरोबर वॉरंटीही वाचते, हे त्याला सांगा. पुढे तक्रारीची वेळ आलीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार विक्रेता बंगळुरूचा असला तरी तुम्हाला परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगातच तक्रार दाखल करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. या सगळ्याला आधार त्या बिलाचाच असतो. उष्णतेने छापल्या जाणाऱ्या गुळगुळीत कागदावरची अक्षरे एक-दोन उन्हाळ्यांत उडून जातात, म्हणून बिल मिळाले की त्याच दिवशी झेरॉक्स काढून ठेवा आणि फोटो भावाच्या ईमेलवर पाठवा.